पंधरा जणींचा संघही उभा करा : रग्बी इंडियाला खुलं पत्र

रग्बी इंडियाचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि मुलींच्या कनिष्ठ संघाची निवड करणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवते. शाळा कबड्डीची. गावही कबड्डी-कुस्तीचंच. सात वर्षांपूर्वी रग्बीचा एक चेंडू शाळेत आला. पोरींना आधी त्या लांबट चेंडूचं हसू आलं, पण पंधरा दिवसांत त्यांनी तो असा धरला की अजून सोडलेला नाही. आज माझ्याकडे तीसेक मुली रोज संध्याकाळी खेळतात. त्यांच्याच वतीने हे पत्र लिहिते आहे. आधी मनापासून अभिनंदन करते आणि मग एक मागणं मांडते.

अभिनंदन राजगीरचं. ९ आणि १० ऑगस्ट २०२५ ला बिहारमधल्या राजगीरला आशियाई २० वर्षांखालील सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणींच्या रग्बीची, स्पर्धा झाली. पहिला दिवस नेमका राखीपौर्णिमेचा. सणाला घरी थांबलेल्या मुली हातातल्या राख्यांसकट दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात जमल्या. बाहेर पाऊस आणि एका मोबाइलभोवती बारा डोकी. आपल्या मुलींनी उझबेकिस्तानला १२-५ असं हरवून कांस्यपदक घेतलं. आपले दोन ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की पाच गुण) आणि एक कन्व्हर्जन (त्यानंतरच्या किकचे दोन गुण), त्यांचा एकच ट्राय. एवढाच फरक, पण मुलींनी व्हरांडा दणाणून सोडला. सोमवारी सकाळी परिपाठाच्या आधी कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘भारत १२, उझबेकिस्तान ५’. सुविचाराची जागा त्या दिवशी मी पुसू दिली नाही.

मग आठवीतल्या एकीने विचारलं, “मॅडम, याच्या आधीचं काय?”

मी कात्रणं जपून ठेवते. त्यांतून जुळवून तिला सांगितलं. २०१७ मध्ये दुबईत १८ वर्षांखालील मुलींनी आशियाई सेव्हन्समध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा ओडिशाची सुमित्रा नायक कर्णधार होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला १८ वर्षांखालील मुलींनी रौप्यपदक आणलं. त्या वर्षी कित्येक महिने मैदानं बंद होती, शाळा बंद होत्या, मुलींनी अंगणात आणि गच्चीवर सराव केला असेल, आणि तरी आशियात दुसऱ्या आल्या. त्यानंतरचं हे राजगीरचं कांस्य. तीन पदकं मी फळ्यावर एकाखाली एक लिहिली. दुबई, ताश्कंद, राजगीर. मुलींनी वहीत उतरवून घेतली, कुणी सांगितलं नसताना.

या तीन ओळींमागे किती श्रम आहेत ते तुम्ही जाणता. खेळाच्या बाहेरच्या माणसाला ते सांगायला हवेत म्हणून पुन्हा लिहिते. यातल्या बहुतेक मुली अशा गावांतून आल्या, जिथे रग्बी हा शब्द आधी कुणी ऐकला नव्हता. बिहारच्या बाढजवळच्या गावातली स्वीटी कुमारी २०१९ मध्ये महिला रग्बीला वाहिलेल्या स्क्रमक्वीन्स या संकेतस्थळाची वर्षातली सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय युवा खेळाडू ठरली. सिलिगुडीजवळच्या सरस्वतीपूर चहामळ्यातल्या मजुरांच्या मुली भारताच्या संघापर्यंत पोचल्या, कारण कोलकात्याच्या जंगल क्रोज या रग्बी क्लबने तिथे चेंडू नेला. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेत शिकणाऱ्या आदिवासी मुलींनी अर्धा संघ आपल्या खांद्यावर वाहिला. आपल्याकडचं पुणं तर भारतीय महिला रग्बीचं जुनं घर. नेहा परदेशी आणि वाहबिझ भरुचा या भारताच्या दोन कर्णधार पुण्याच्या. हे मी मुलींना नेहमी सांगते, कारण त्यांना पुणं दिसतं. एसटीने तीन तासांत तिथे पोचता येतं.

आता मागणं.

त्याच सोमवारी मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला. विचारणारी नववीतली, वजन बहात्तर किलो, गोळाफेकीत तालुक्यात पहिली. ती म्हणाली, “मॅडम, हे सगळं सात जणींचं. पंधरा जणींचा संघ कधी असतो? मला त्यात जायचंय.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे मागायला आले आहे.

हे पत्र रग्बी न पाहिलेलेही वाचतील, म्हणून थोडं समजावून सांगते. सेव्हन्स म्हणजे सात विरुद्ध सात, सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान मात्र तेच, शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. एवढ्या मोकळ्या जागेत सातच खेळाडू असले की वाऱ्यासारखं पळणारी जिंकते. एकदा फट सापडली की मागून कुणी गाठत नाही. पंधरा जणींच्या खेळात हीच जागा भरून जाते. एक ते आठ नंबरच्या फॉरवर्ड आणि नऊ ते पंधरा नंबरच्या बॅक. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ जणी खांद्याला खांदा लावून रेटतात. पहिल्या रांगेत दोन्ही बाजूंना प्रॉप, मधे हुकर, त्यांच्यामागे उंच लॉक. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होतो, तेव्हा तो झेलायला दोघी तिसरीला हवेत उचलतात. उंच, बुटकी, भारी, सडसडीत, चपळ, संथ पण हटणार नाही अशी, प्रत्येकीला यात जागा आहे. एवढ्या वेगवेगळ्या शरीरांना मान देणारा दुसरा सांघिक खेळ मला माहीत नाही. शाळेत मुलींना खेळ शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट केवढी मोलाची वाटते, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी अंगाने भरलेली मुलगी वर्गात खांदे पाडून बसते. तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं की तुझं हे अंगच संघाला हवं आहे. दुसऱ्या दिवशी ती ताठ चालत येते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही, निदान सहा वेळा.

आणि तीच मुलगी निवड चाचणीत बाहेर पडते, तेही पाहिलं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ती चाचणी कुठली, कोणत्या पातळीची, घेणारे कोण, यातलं काही मी इथे लिहिणार नाही. त्यांचा राग धरून हे पत्र लिहीत नाही. माझ्याबरोबर अकरावीतली एक मुलगी होती. तिचं नावही लिहीत नाही. वडील दूध संघात, आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला. ही मुलगी कबड्डीतून आलेली, त्यामुळे पकड जन्मजात. पट काढताना जसं कमरेखाली घुसतात, तशी ती टॅकलला घुसायची आणि समोरचीला अलगद खाली ठेवायची. कुणाला कधी लागलं नाही. चेंडू हातात आला की तीन-तीन मुली अंगाला लोंबकळत असताना पाच पावलं पुढे जायची. आम्ही पहाटे चारच्या एसटीने निघालो. चाचणीत आधी चाळीस मीटर धावायला लावलं. ती शेवटून दुसरी आली. पुढची चाचणी झालीच नाही. तिथल्या एका सरांनी मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, “पोरगी चांगली आहे बाई, पण सात जणींत हिला ठेवू कुठे?”

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. सात जणींचा संघ निवडायचा असेल तर वेग बघावाच लागतो. माझं म्हणणं इतकंच की त्यांच्यापुढे निवडायला दुसरा संघच नव्हता. परतीच्या प्रवासात ती खिडकीशी बसली होती. कराड येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, माझे बूट सातवीतल्या कुणाला होतील का बघा.”

बूट मी ठेवून घेतले, कुणाला दिले नाहीत.

कुणी म्हणेल की सेव्हन्समध्येही दणकट मुली खेळतातच. खरं आहे. अमेरिकेची इलोना माहर तशीच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला १४-१२ हरवून कांस्य घेतलं, तेव्हा साऱ्या जगाने तिला पाहिलं. आमच्या मुलींच्या वहीत तिचं चित्र चिकटवलेलं आहे. पण ताकदीच्या जोडीला तिच्यासारखा वेग असणाऱ्या मुली किती मिळणार? आणि तीच माहर २०२५ च्या महिला विश्वचषकात अमेरिकेसाठी पंधरा जणींच्या संघातूनही खेळली. तिथल्या मुलींना दोन्ही दारं उघडी आहेत. आपल्या मुलींना अठराव्या-विसाव्या वर्षापर्यंत एकच दार दिसतं आणि ते अरुंद आहे.

सेव्हन्सवर भर का, हे मला कळतं. पंधरा जणांची रग्बी ऑलिंपिकमध्ये शेवटची खेळली गेली ती १९२४ मध्ये, पॅरिसला. त्यानंतर रग्बी परतली ती २०१६ मध्ये, रिओला, सेव्हन्सच्या रूपात. आशियाई क्रीडा स्पर्धेतही आता सेव्हन्सच आहे. सरकारचा पैसा पदकाच्या मागे जातो आणि पदक सेव्हन्समध्ये आहे. बारा मुलींचा संघ परदेशी न्यायचा की तेवीस जणींचा, हा हिशेब मीही करते. तालुक्याला संघ न्यायचा तर जीपची एक फेरी की दोन, यावर आमच्या शाळेत दोन दिवस चर्चा होते. म्हणून सेव्हन्सचा एक रुपयाही कमी करा असं मी म्हणणार नाही. राजगीरला ज्या मुली जिंकल्या, त्यांचा घास काढून दुसरीला द्यायचा नाही.

तरीही पंधरा जणींचा कनिष्ठ संघ हवा. कारण तो मोठ्या संघाचा पाया आहे, आणि तो पाया आपण न रचताच वर बांधकाम करतो आहोत.

२०१९ चा जून आठवा. भारतीय महिला पंधरा जणींच्या आंतरराष्ट्रीय मैदानात उतरल्या त्याला जेमतेम एक वर्ष झालं होतं. पहिले सामने २०१८ मध्ये सिंगापूरला झाले होते आणि ते हरलो होतो. मग फिलिपाइन्समध्ये सिंगापूरशीच गाठ पडली. सामना संपत आला होता, भारत मागे होता, आणि पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवला सुमित्रा नायकने, दोन वर्षांपूर्वी दुबईत १८ वर्षांखालच्या संघाची कर्णधार असलेल्या त्याच सुमित्राने. तिची किक खांबांमधून गेली. भारत २१, सिंगापूर १९. पंधरा जणींच्या खेळातला भारतीय महिलांचा पहिला विजय. त्यानंतर मुली मैदानात रडत होत्या, ती चित्रफीत मी दर वर्षी नव्या मुलींना दाखवते.

त्या विजयाकडे मी शिक्षिका म्हणून बघते तेव्हा एक गोष्ट टोचते. सुमित्राला किक मारायला शिकायला सेव्हन्स पुरलं. पण तिच्यासमोर स्क्रम रेटणाऱ्या, लाइनआउटला उचलणाऱ्या मुलींना ते सगळं मोठ्या संघात आल्यावर, काही आठवड्यांच्या कॅम्पमध्ये शिकावं लागतं. प्रॉप एका कॅम्पमध्ये घडत नाही. मान, पाठ, पायांची ठेवण, समोरचीचं वजन अंगावर घेऊन श्वास कसा सोडायचा, हे सगळं वर्षानुवर्षांच्या सरावाने मुरतं. आमच्या गावातल्या तालमीत सोळा वर्षांचा मल्ल मान कमवायला सुरुवात करतो, तेव्हा कुठे बावीस-तेविसाव्या वर्षी त्याची मान मान होते. मुलींनी हे विसाव्या वर्षानंतर सुरू करावं, ही अपेक्षा त्यांच्या शरीरालाही धोक्याची आहे.

धोक्याचं बोलते आहे तर तेही पुरतं बोलू. पालक मला पहिला प्रश्न दुखापतीचाच विचारतात. १९ वर्षांखालच्या खेळासाठी स्क्रमचे नियमच वेगळे आहेत. दीड मीटरपेक्षा जास्त रेटायचं नाही. डाव पस्तीस मिनिटांचा. पहिल्या रांगेत खेळायला शिकलेल्या मुली नसतील तर स्क्रममध्ये रेटारेटीच करायची नाही, चेंडू घालायचा आणि खेळ पुढे न्यायचा. म्हणजे हळूहळू शिकायची वाट नियमांतच ठेवलेली आहे. आपल्याकडे त्या वाटेवर चालवणारे शिक्षक हवेत. मला स्क्रम शिकवता येत नाही. मी पुस्तकातली चित्रं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मुलींना तीन-तीन जणींचं बांधणं शिकवते आणि तिथेच थांबते, कारण पुढचं चुकीचं शिकवलं तर कुणाच्या तरी मुलीची मान जाईल. मला शिकायचं आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवसांचं शिबिर घ्या, मी माझ्या खर्चाने येईन. माझ्यासारखे आणखी येतील.

जपानकडे जरा बघा. मी मुलांच्या २० वर्षांखालील संघाचं बोलते आहे, कारण त्यांच्या प्रत्येक सामन्याची नोंद डोळ्यांसमोर आहे. त्या वर्षांत जागतिक पातळीवर या वयोगटाच्या दोन पायऱ्या होत्या, वर चॅम्पियनशिप आणि खाली ट्रॉफी. जपानने २०१४ मध्ये हाँगकाँगला ट्रॉफी जिंकली आणि वर गेला. २०१६ मध्ये तळाला येऊन खाली घसरला. २०१७ मध्ये माँटेव्हिडिओला पुन्हा ट्रॉफी जिंकली. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये शेवटचा आला, पुन्हा खाली. २०१९ मध्ये ब्राझीलमध्ये अंतिम सामन्यात पोर्तुगालला ३५-३४ असं एका गुणाने हरवून पुन्हा वर. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बारा संघांत बारावा, परत खाली. कुणी वरवर बघितलं तर म्हणेल, काय ही कामगिरी! पण याच वर्षांत त्यांचा मोठा संघ २०१५ मध्ये ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवतो आणि २०१९ मध्ये आपल्या घरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत पोचतो. वरच्या पायरीवर विसाव्या वर्षी न्यूझीलंड, इंग्लंड, फ्रान्सकडून मार खाल्लेली मुलं घाबरत नाहीत. खाली पडणं त्यांनी लाजेचं मानलं नाही. संघ मोडला नाही. दर वर्षी पाठवत राहिले.

भारताचा संघ या दोन्ही पायऱ्यांवर आजवर कधी उभा राहिलेला नाही. मुलांचाही नाही. मुलींसाठी तर जगातच ही शिडी आत्ता कुठे बांधली जाते आहे. युरोपातल्या सहा देशांनी २० वर्षांखालील मुलींची पंधरा जणींची उन्हाळी मालिका २०२४ मध्ये इटलीतल्या पार्मात पहिल्यांदा भरवली. म्हणजे इंग्लंड-फ्रान्सनाही हे कालपरवा सुचलं. आपण फार मागे नाही. मला यात मोठी संधी दिसते. मुलांच्या खेळात आपण शंभर वर्षं मागे आहोत, मुलींच्या या वयोगटात दोनच वर्षं. आशियात हा पायंडा भारताने पाडला तर?

हे स्वप्न मोठं वाटत असेल, तर लहान सुरुवात सांगते. पहिल्या वर्षी परदेश नकोच. देशाचे चार विभाग करा आणि १८ वर्षांखालील मुलींचे पंधरा जणींचे चार संघ एका ठिकाणी आठवडाभर खेळवा. मैदान कुठलंही चालेल, मुंबईतलं बॉम्बे जिमखान्याचं जुनं मैदान मिळालं तर सोन्याहून पिवळं. ज्या मैदानात पिढ्यान्‌पिढ्या अखिल भारतीय स्पर्धा झाल्या, तिथे आमच्या गावची पोरगी प्रॉपला उभी राहिलेली बघायला मी पायी येईन. त्या आठवड्यातून तीस मुली निवडा. दुसऱ्या वर्षी शेजारी जा. श्रीलंकेत शाळेची रग्बी म्हणजे काय चीज आहे, ते आपण जाणताच. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज १९४५ पासून ब्रॅडबी ढालीसाठी खेळतात आणि शाळकरी मुलांचा तो सामना बघायला मैदान भरून जातं. असा देश चेन्नईहून विमानाने तासा-दीड तासावर आहे. तिथल्या मुलींनाही खेळायला जोडीदार हवेच असतील. हरलो तर हरलो. पहिल्या वर्षी पन्नास गुणांनी हरलो तरी मी तो निकालसुद्धा फळ्यावर लिहीन.

पैशाचं म्हणाल, तर कॅनडाच्या महिलांची गोष्ट मला फार धीर देते. २०२५ च्या विश्वचषकाआधी पैसे कमी पडत होते, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या संघटनेने लोकांकडे हात पसरला आणि दहा लाख डॉलर उभे करायला निघाले. २७ सप्टेंबरला ट्विकनहॅमला अंतिम सामन्यात इंग्लंडसमोर त्याच उभ्या होत्या. हरल्या १३-३३ ने, पण मैदानात ८१ हजारांवर माणसं होती. आमच्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडाला गाव वर्गणी काढतं. ऊस गेल्यावर, बिलं हातात आल्यावर मागितलं तर मुलीच्या रग्बीलाही काढेल. पण कशासाठी मागायचे, ते आधी तुम्ही जाहीर करायला हवं. संघ नाही, सामना नाही, तारीख नाही, तर पावतीपुस्तकावर काय छापू?

आणि नोंदींचं. हे छोटं मागणं आहे, पण माझ्या दृष्टीने अगदी जवळचं. कनिष्ठ मुलींच्या संघाने आजवर खेळलेला प्रत्येक सामना, कुणाविरुद्ध, कुठे, किती गुण, कोण खेळलं, कर्णधार कोण, आणि प्रत्येकीचं गाव, असं सगळं मराठी-हिंदीसह सगळ्या भाषांत एका जागी छापा. जिंकलेले आणि हरलेलेही. बिहारने ‘मेडल लाओ, नौकरी पाओ’ म्हणून मुलींना सरकारी नोकरीत घेतलं. आपल्याकडे महाराष्ट्रात खेळाडूंना नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. या सगळ्याला कागद लागतो. मुलगी कष्टाने देशाकडून खेळते आणि पाच वर्षांनी कचेरीत टेबलापलीकडचा माणूस विचारतो, ही कुठली स्पर्धा? तेव्हा तिच्या हातात छापील पान असावं. आणि नोकरीच्या पलीकडेही, माझ्या आठवीतल्या पोरीने विचारलेल्या “याच्या आधीचं काय?” या प्रश्नाला देशाने नीट उत्तर द्यावं.

अध्यक्ष महोदय, राहुल बोस सर, तुम्ही स्वतः भारताच्या पहिल्या संघातून खेळलात, १९९८ मध्ये. तो संघ पंधरा जणांचा होता. त्या खेळात मोठ्या देहाच्या सोबत्याने तुमच्यासाठी वाट मोकळी केली असेल, तुमच्या अंगावर येणारा घाव आपल्यावर घेतला असेल. त्या माणसाची किंमत माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे. त्याच्यासारख्या मुली आमच्याकडे आहेत. कोल्हापूरला आहेत, बीडला आहेत, नंदुरबारला असतील. चाळीस मीटरच्या घड्याळात त्या दिसत नाहीत. त्यांना बघायला दुसरी चाचणी लागेल. स्क्रमचं यंत्र नसेल तर बैलगाडी रेटायला लावा. मी खरंच सांगते, आम्ही तशीच मेहनत घेतो. गाडीत पोती भरतो आणि आठ जणी मिळून ती शाळेच्या उतारावरून वर ढकलतात.

बूट ठेवून घेतलेली ती मुलगी आता गावातल्या पतसंस्थेत कामाला आहे. दर रविवारी सकाळी सातला मैदानात येते. टॅकल बॅग धरून उभी राहते आणि लहान मुली एकामागून एक येऊन तिच्यावर आदळतात. ती हलत नाही. परवा नववीतली ती गोळाफेकवाली आदळली, तेव्हा पहिल्यांदाच दोन पावलं मागे सरकली आणि माझ्याकडे बघून केवढी हसली. त्या दिवशी घरी गेल्यावर हे पत्र लिहायला बसले.

ती आता एकोणीस वर्षांची आहे. २० वर्षांखालील संघात बसायला तिच्याजवळ फार दिवस उरलेले नाहीत. बूट माझ्या कपाटात आहेत, तेल लावून ठेवलेले.

चाचणीची तारीख कळवा. मैदान आमचं घ्या. शाळेने होकार दिला आहे. मुलींच्या जेवणाची आणि राहण्याची सोय गाव करेल. फक्की आम्ही आदल्या दिवशी मारून ठेवू.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
जिल्हा सातारा